रिकाम्या खुर्चीची परीक्षा

१ जानेवारी २०२५, बुधवार

ही डायरी श्यामलाने दिली. बँकेने दोन दिल्या होत्या, त्यातली एक तिने वाणसामानाच्या याद्यांसाठी ठेवून घेतली. "ही तुम्हाला. मनात येईल ते हिच्यात लिहा, म्हणजे मला ऐकावं लागणार नाही," म्हणाली. सदतीस वर्षं ऐकतेय, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

३१ मेला मी निवृत्त होतो. चौतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापक म्हणून. जाण्याआधी एक पुस्तिका लिहायची आहे. विषय ठरलेला आहे: चांगुलपणा शिकवता येतो. लोक म्हणतात तो रक्तातच असावा लागतो. मी म्हणतो, पाढे शिकवता येतात तसा खरेपणाही शिकवता येतो, फक्त रोज घोकून घ्यावा लागतो.

पुरावा म्हणून माझी योजना आहेच. गेली तीन वर्षं आमच्या शाळेत घटक चाचणीला पर्यवेक्षक नसतो. शिक्षक पेपर वाटतात आणि वर्गाबाहेर जातात. समोर फक्त रिकामी खुर्ची राहते, तिच्यावर एक फूल. मुलं तिला विश्वासाची खुर्ची म्हणतात (नाव मीच दिलं आहे). पेपर झाला की शेवटच्या पानावरच्या छापील ओळीखाली प्रत्येकाने सही करायची: "मी हा पेपर कोणाचेही न पाहता, कोणालाही न दाखवता लिहिला आहे." तीन वर्षांत एकही सही चुकलेली नाही. शंभर टक्के.

२० तारखेला ही योजना बघायला पुरस्कार समिती येते आहे.

९ जानेवारी, गुरुवार

नववीचा गणिताचा पेपर झाला. मी नियमाप्रमाणे व्हरांड्याच्या टोकाला उभा होतो. साखर कारखान्याचा हंगाम सुरू आहे, बावड्याकडून वारं आलं की मळीचा वास थेट वर्गात शिरतो. तरी एक मूल चुळबुळलं नाही. इतकी शांतता मी स्वतः विद्यार्थी असताना कधी अनुभवली नाही. आमच्यावर दोन दोन मास्तर पहारा द्यायचे, तरी चिठ्ठ्या उडायच्या.

घरी येऊन श्यामलाला सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. "फारच शांत होती म्हणजे काहीतरी चाललं असेल," म्हणाली. बायकांना चांगलं बघवतच नाही.

११ जानेवारी, शनिवार

आजचा दिवस पुसून टाकता आला तर बरं.

शाळा सुटल्यावर स्नेहल मॅडम नववी 'ब'चा गठ्ठा घेऊन आल्या. आमच्या गणिताच्या शिक्षिका, सगळ्यांत तरुण. घरी नऊ महिन्यांची मुलगी आहे. दार लावून घेतलं तेव्हाच मला कसंतरी झालं.

पेपरात टायपिंगची चूक राहिली होती. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू नऊ आणि बारा, कर्ण काढा, असा प्रश्न हवा होता. उत्तर पंधरा. छापताना नऊचे सहा झाले. सहाचा वर्ग छत्तीस, बाराचा एकशे चव्वेचाळीस, बेरीज एकशे ऐंशी. पंधरा कुठूनही येत नाही.

अडतीसपैकी एकोणतीस मुलांनी लिहिलं आहे: ३६ + १४४ = २२५, म्हणून कर्ण १५. ओळीसाठी ओळ तीच. गाइडमध्ये हे गणित आहे. वर्गनायक आदर्शला उत्तर पाठ होतं, त्याने बेरीज ओढूनताणून तिथे नेली आणि ती बाकाबाकाने शेवटपर्यंत गेली. त्या एकोणतिसांनी खाली सह्याही केल्या आहेत. आदर्शची सही सर्वांत मोठी, खाली दोन रेघा आणि दोन टिंबं.

"आणि सर, हा एक पेपर," मॅडमनी अगदी खालची उत्तरपत्रिका काढली. दीक्षाची. बावड्यातून येते. तिसऱ्या बाकावर बसते, स्वतःहून कधी बोलत नाही. तिने आधी एकशे ऐंशीच लिहिलं होतं आणि पुढे वर्गमूळही बरोबर काढलं होतं. अख्ख्या वर्गात तेवढंच बरोबर, उरलेल्या आठांनी तो प्रश्न सोडूनच दिला होता. मग ते खोडून पंधरा लिहिलं, मग पंधराही खोडलं. शेवटच्या पानावर सहीच्या जागी सही नाही. एकच शब्द लिहिला आहे: "बघितले."

मी तो शब्द बराच वेळ बघत राहिलो. आधी काय वाटलं ते इथे खरं लिहितो. राग आला. नेमकं आत्ताच हिला हे सुचायचं होतं?

१२ जानेवारी, रविवार

संस्थेचे अध्यक्ष धैर्यशीलराव यांचे सकाळपासून चार फोन. समितीची तयारी कुठवर आली, हे विचारायचं असणार. काय सांगू? श्यामलाला म्हटलं, सांग आंघोळीला गेलेत. तिने सांगितलं. पाचव्या वेळेला म्हणाली, "आता किती आंघोळ घालू तुम्हाला?"

दुपारी पुण्याला अर्णवला फोन लावला. पोराने "बाबा, मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवला. रविवारी कसली मीटिंग? मागे क्रिकेटच्या मॅचचा आवाज येत होता. आमची ऋता अशी नाही. लहानपणी बरणीतला लाडू घेतला तरी स्वतः येऊन सांगायची. दोघं एकाच घरात वाढली, दोघांना मीच वाढवलं. हा असला खोटेपणा अर्णव कुठून शिकला कोण जाणे.

रात्री जेवताना श्यामलाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "समितीला तोच पेपर दाखवा की. तुमची योजना खरी आहे याचा तेवढा एकच पुरावा आहे तुमच्याकडे."

बोलायला सोपं आहे. तो पेपर दाखवला की गठ्ठा उघडणार, गठ्ठा उघडला की दोनशे पंचवीस दिसणार. उलट सगळ्या सह्या असतील तर समिती गणितं तपासत बसणार नाही. ते सह्याच बघतात. म्हणजे जी एकोणतीस मुलं खोटं बोलली ती माझी अडचण नाहीत, जी एक बोलली नाही ती आहे. हे वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवून चहा करून आलो. परत वाचलं तरी तसंच आहे.

१३ जानेवारी, सोमवार

दीक्षाला बोलावलं. मी अगदी मऊपणे बोललो.

"बाळ, तुझं पहिलं उत्तर बरोबर होतं. तू बघितलंस त्याने तुझा फायदा झाला का?"

"न्हाय सर. तोटाच झाला."

"मग ती कॉपी झालीच नाही. कॉपी फायद्यासाठी करतात. तू निर्धास्त सही कर."

तिने विचार केला. खरंच केला, मला तिच्या कपाळावर दिसत होतं. मग म्हणाली, "पण सर, मी बघितलो की."

"चुकून नजर गेली असेल."

"पयल्यांदा चुकून गेली. दुसऱ्यांदा मीच नेलो."

 तिला विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? मनात आशा होती की ती म्हणेल, सर तुम्हीच. ती गोंधळली. "कुणी न्हाय सर. यात शिकवायचं काय?"

१५ जानेवारी, बुधवार

तिच्या घरी निरोप पाठवला होता. वडील कृष्णात कारखान्यात पाळीवर, त्यामुळे आजी आली. तानूबाई. कडेवर तान्हं मूल असावं तशी पिशवी घट्ट धरून दारात उभी. दोनदा सांगितल्यावर खुर्चीवर बसली.

"पोरीनं काय केलंय मास्तर?"

"काही नाही केलं."

"मग मला कशाला बोलिवलासा?"

मी म्हटलं, एका सहीचा प्रश्न आहे, तुम्ही तिला समजवा. तिने विचारलं, "मला वाचाय येत न्हाय. त्या कागदावर काय लिवलंय ते सांगा." मी ओळ वाचून दाखवली.

"आणि हिनं बघितलंय?"

"जरासं."

"मग कशी करंल सही?"

मी पुरस्काराबद्दल सांगितलं, शाळेच्या नावाबद्दल सांगितलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि शेवटी पुन्हा म्हणाली, "पण बघितलंय न्हवं तिनं?" अशिक्षित माणसाला बारकावे समजावणं फार अवघड जातं.

जाताना मी तिलाही विचारलं, हे तुम्ही शिकवलंत का? घरी रोज बुद्धवंदना होते, पंचशील म्हटलं जातं, हे मला ठाऊक होतं. त्यात खोटं न बोलण्याचं शील आहे. पुस्तिकेत घालता आलं असतं. तर बाई हसायलाच लागल्या. "म्या काय शिकिवनार? हिचा भाऊ सम्राट. एकाच ताटात जेवत्यात, एकाच सतरंजीवर बसून वंदना म्हणत्यात. त्यो दिसाला चार थापा मारतोय आणि ही अशी. कुणाला लागतंय, कुणाला न्हाय लागत. मला काय ठावं?"

म्हणजे ते रक्तातही नाही आणि शिकवण्यातही नाही. मग मी चौतीस वर्षं काय करत होतो?

१६ जानेवारी, गुरुवार

धैर्यशीलराव स्वतः शाळेत आले. आता आंघोळ सांगता येईना. सगळं सांगावं लागलं. दोनशे पंचवीसचं सांगितलं नाही, फक्त एक सही राहिली एवढंच.

ते टेबलावर हात आपटून म्हणाले, "एका पोरीची सही घ्याय येईना व्हय तुम्हाला? मग चौतीस वर्षं काय हजामत केलासा? समिती काय रोज येत्या काय! पुरस्कार मिळाला तर जूनमधी चार पोरं जास्त येतील. न्हाय तर तुकडी गेलीच म्हणून समजा. तुकडी गेली की तुमची ती गणिताची मॅडम अतिरिक्त. घालतील चंदगडात कुठंतरी डोंगरात. बारक्या लेकराला घेऊन पावसात यष्टीनं जाऊ दे तिला. मला काय, तुमच्याच जिवाला लागंल."

ते मोठ्याने बोलतात. स्नेहल मॅडम बाहेर हजेरीपट ठेवायला आल्या होत्या. त्यांनी ऐकलं. आत आल्या, हजेरीपट ठेवला, गेल्या. मला काही म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

झालं एकदाचं.

मधल्या सुट्टीत दीक्षाला बोलावलं. डबा अर्धा खाऊन आली होती, बोटाला चटणी लागलेली. मी सहीबद्दल काहीच बोललो नाही. मॅडमबद्दल बोललो. चंदगड किती लांब आहे, तिथे पाऊस किती पडतो, मॅडमची मुलगी किती लहान आहे. दीक्षाचं मॅडमवर प्रेम आहे, हे सगळ्या शाळेला माहीत आहे. गॅदरिंगला मॅडमनी तिच्या केसांत स्वतःचा गजरा माळला होता, तो तिने सुकेपर्यंत काढला नाही म्हणे.

तिने विचारलं, "मॅडम माझ्यामुळं जाणार?"

मी हो म्हटलं नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. मी नाहीही म्हटलं नाही. खिडकीबाहेर मैदानावर पोरं ओरडत होती, मी तिकडे बघत राहिलो.

"सर, पेन द्या."

उत्तरपत्रिका समोर ठेवली. ती थांबली. "'बघितले' लिहिलंय तिथं. खोडू?"

खोडलं तर दिसलं असतं. आमच्या शाळेत परीक्षेला व्हाइटनर चालत नाही, नियम माझाच. चूक केली तर ती दिसली पाहिजे, असं मी दरवर्षी पहिल्या दिवशी सांगतो. मुलांकडून जप्त केलेल्या बाटल्या माझ्या टेबलाच्या खालच्या खणात असतात. मी एक काढली. झाकण घट्ट बसलं होतं, मला उघडेना. तिने माझ्या हातातून घेऊन उघडली. त्या शब्दावरून पांढरा पट्टा ओढला. वाळेपर्यंत आम्ही दोघं बसून होतो. ती हळूच फुंकर घालत होती. मग सही केली. पूर्ण नाव लिहिलं, वडिलांचंसुद्धा.

रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, काय बोलायचं ते तयार ठेवलं होतं. ती फक्त म्हणाली, "येऊ सर?" आणि डबा संपवायला गेली.

मला सुटल्यासारखं वाटलं. पण रात्री जेवण गेलं नाही.

२० जानेवारी, सोमवार

समिती येऊन गेली. तिघे होते. खुर्ची बघितली, फुलाचा फोटो घेतला. नववी 'ब'च्या सह्या मोजल्या, अडतीसच्या अडतीस. त्यांच्यातल्या एक बाई फार बारकाईने बघणाऱ्या. त्यांनी गठ्ठ्यातून एक पेपर ओढला. इतक्या पेपरांतून नेमका तोच. पांढऱ्या पट्ट्यावरून नख फिरवलं. मी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. मग वर्गात गेल्यावर त्या नाव घेऊन म्हणाल्या, "दीक्षा कोण? तू सांग. समोर कोणी नसताना तुला कधी दुसऱ्याचं बघावंसं वाटलं नाही?"

ती उभी राहिली. मी तिच्याकडे बघू नये असं ठरवलं होतं, तरी बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती.

"न्हाय मॅडम," ती म्हणाली. स्पष्ट, एका दमात. नंतर सुधारून, "नाही मॅडम."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आदर्शने सर्वांत जोरात.

२९ जानेवारी, बुधवार

परवा पुरस्कार मिळाला. धैर्यशीलरावांनी पेढे पाठवले. मानपत्रात लिहिलं आहे की मूल्ये शिकवता येतात हे या शाळेने सिद्ध केले. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर टाकायला वाक्य चांगलं आहे. श्यामलाने मानपत्र वाचलं, कपाटावर उभं केलं, दुसऱ्या दिवशी बघतो तर कपाटाच्या आत होतं. "धूळ बसते," म्हणाली.

पुस्तिका अजून सुरू केलेली नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. संचमान्यतेचा कागद आला, म्हणजे शाळेला शिक्षक किती मंजूर आहेत त्याचा. एक तुकडी गेली. स्नेहल मॅडम अतिरिक्त. चंदगड तालुक्यात जागा रिकामी आहे, तिथेच जावं लागेल असं दिसतं.

धैर्यशीलराव फोनवर म्हणाले, "आता काय करणार? आपल्या हातात काय हाय?" खरंच काही नाही. पट गेल्या सप्टेंबरचा धरतात, पुरस्कार जानेवारीतला. त्या सहीने मॅडम वाचणार नव्हत्याच. अकरा वर्षं मीच हे तक्ते भरतोय. श्यामलाने विचारलं, "मग तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?" मी म्हटलं, तेव्हा डोक्यात आलं नाही.

 इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. आलं होतं.

मॅडमनी वर्गात सांगितलं तेव्हा मुली रडल्या. दीक्षा रडली नाही असं कळलं. मॅडमची पिशवी उचलून फाटकापर्यंत गेली म्हणे. मी ऑफिसातून बाहेर आलो नाही.

९ एप्रिल, बुधवार

वार्षिक परीक्षा. माझी शेवटची. पुरस्कारानंतर अध्यक्षांनी ठरवलं की वार्षिकलाही पर्यवेक्षक नको. वर्तमानपत्रवाले येऊन फोटो काढून गेले.

मी नववी 'ब'च्या खिडकीपाशी होतो. पेपर वाटून झाले, शिक्षक बाहेर पडले. एक गोष्ट आज पहिल्यांदा बघितली, कदाचित कायमच होत असेल. पेपर हातात येताच सगळ्या मुलांनी शेवटचं पान उघडलं आणि आधी सही केली. नाव-नंबर लिहावं तशी. मग प्रश्न वाचायला घेतले.

दीक्षानेही केली. वरची ओळ वाचली नाही, फक्त सही केली. आता नुसती आडवी सही, वडिलांचं नाव नाही.

अर्ध्या तासाने शेजारच्या मुलीने तिला कोपराने ढोसलं. दीक्षाने उत्तरपत्रिका सरकवली, बाकाच्या मध्यापर्यंत, वाचता येईल इतकी. आत जावं, काढून घ्यावी, असं वाटलं. पाऊल उचललंही. पण आत जायचं नाही, हाच तर आमच्या परीक्षेचा नियम. मी आत गेलो तर ती परीक्षाच राहत नाही. दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिलो.

तेवढ्यात तिने वर बघितलं. मी दिसलो. तिने उत्तरपत्रिका मागे ओढली नाही. घाबरली नाही, लाजली नाही. माझ्याकडे बघून हसली, एकाच गावची माणसं एसटी स्टँडवर भेटल्यावर हसतात तसं.

मी पण हसलो.